तालमीतला साहेब

तीर्थरूप दादास धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. गुडघे आता शिलाई मशीनचं पायडल मारण्यापुरते राखून ठेवलेत.) तुझी साखर कशी आहे? पथ्य छान चाललंय असं वहिनी सांगते. तूही तेच सांगतोस, म्हणून शंका येते. फोन सोडून पत्र अशासाठी की फोनवर तू मध्येच "बरं, बघू" म्हणतोस आणि विषय मिटतो.

तर आमच्या बाजारात एक संस्था आली. म्हणजे संस्था इथलीच, पण तिची कुठल्या तरी परदेशातल्या मोठ्या संस्थेशी भागीदारी, आणि दोघींचं मिळून म्हणणं असं की बाजारात बसणाऱ्या बायकांनी बाजाराच्या सभेत बोललं पाहिजे. (सभेला आमचा आजवरचा हातभार म्हणजे चहाचे कप गोळा करणं.) माझ्या दुकानामागच्या खोलीत त्यांनी एवढा थोरला फलक टांगला की खिडकी झाकली आणि भरदिवसा दिवा लावावा लागला. मग रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. एकेक अडचण लिहायची आणि भिंतीला चिकटवायची. पंखा लावला की अडचणी उडायच्या, बंद केला की आम्ही उकडून निघायचो. पण संस्थेतली ताई हुशार हो! तिच्या लक्षात आलं की सगळ्यांनी रस्ता, दिवे असलं सभ्य काहीतरी लिहिलंय आणि खरी अडचण एकीनेही लिहिलेली नाही.

खरी अडचण म्हणजे बाजारातलं बायकांचं स्वच्छतागृह. बांधलं तेव्हापासून कुलूपबंद. किल्ली बाजाराच्या कचेरीत, तिथल्या साहेबांच्या खणात, कारण वापरलं की खराब होतं म्हणे. म्हणून आम्ही बायका सकाळच्या चहानंतर घरी जाईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. माझ्या शेजारच्या भाजीवाल्या मावशीला याच पायी मूत्रपिंडाचं दुखणं जडलं. भरपूर पाणी प्या असं डॉक्टरांनी सांगितलं, तर ती म्हणाली, "पिईन हो, पण मग जाऊ कुठे?" दादा, हे तुला लिहितानाही मला संकोच होतो, मग पुरुषांपुढे बोलायचं कसं? आम्ही आपसातसुद्धा नुसतं 'ती खोली' म्हणतो.

ताईने तोड काढली ती अशी की आधी सभेची तालीम करायची. साहेब कोण होणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "उद्या या, काजं-बटणं राहिलीत" यात माझी हयात गेली. त्यात मी एका निवृत्त हेडक्लार्कची सख्खी बहीण. खुर्चीत बसले मात्र, आणि अंगातच आलं! वरून मंजुरी यायची आहे. हे आमच्या खात्यात येत नाही. पुढच्या सभेत घेऊ. "तुमचा अर्जच मिळाला नाही" म्हणून मी फुलवालीला रडवलं; ती दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलेना. ताई मात्र खूश. मी नवी सबब काढायची आणि बायकांनी घरून तिचं उत्तर जुळवून आणायचं, असा आमचा शिरस्ता पडला. खरं सांगते, नाही म्हणायची मला चटक लागली होती. खुर्ची माणसाला किती लवकर बहिरं करते, हे कळलं आणि जरा भीतीच वाटली.

मग खरी सभा. मावशी उठली आणि 'ती खोली' न म्हणता सरळ स्वच्छतागृह म्हणाली. पुरुष छताकडे बघू लागले. साहेबही लाजले आणि "याबाबत... याबाबत..." करत अडकले. आणि माझी मेली जीभ! सवयीने मी बसल्या जागेवरून बोलून गेले, "वरून मंजुरी यायची आहे." साहेबांनी माझ्याकडे कृतज्ञतेने बघत तेच म्हटलं. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. पण मावशीला उत्तर पाठ होतं: मंजुरी बांधायला लागते, उघडायला किल्ली लागते. साहेब पुन्हा अडकले आणि पुन्हा माझ्याकडेच बघायला लागले! आता सुरुवात केलीच होती, तर मीही एकेक सबब देत गेले. ते म्हणायचे, बायका खोडायच्या. माझ्याजवळच्या संपल्या तेव्हा त्यांच्याही संपल्या, आणि शिपाई किल्ली आणायला गेला. तो परत यायच्या आत मावशीने भाजीवर शिंपडायची पाण्याची बाटली काढली, भर सभेत तोंडाला लावली आणि रिकामी होईपर्यंत खाली घेतली नाही. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. कुलूप उघडलं. आत मोडक्या खुर्च्या निघाल्या आणि नळाला पाणी नाही. पुढच्या सभेला विषय मिळाला.

ता. क. २. बाजाराच्या समितीवर बाईची एक जागा असते. आजवर तिथे कुणाची तरी बायको सहीपुरती यायची. या खेपेला बायकांनी मला उभं केलंय, म्हणजे तालमीतल्या साहेबाची खुर्ची रिकामी झाली. दादा, आठवडाभर येशील का? जे काम तू जन्मभर पगारावर केलंस, ते इथे फुकट करायचं. थट्टा नाही करत; साहेब कच्चा मिळाला तर आमची तयारीही कच्ची राहील.

ता. क. ३. वहिनीला मी आधीच विचारलं होतं. साहेब व्हायला ती नाही म्हणाली. पण तुझ्याबरोबर तीही येतेय, समोर बायकांत बसायला. तुला विचारायचे प्रश्न बरेच साठलेत म्हणे.