मेहेरबानीच्या बाजूने

३ मार्च, मंगळवार

मेहेरबानी निघाली! वाचनालयाच्या वार्षिक वादविवादाचा विषय — ‘उपचार : हक्क की मेहेरबानी?’ ग्रंथपालांनी स्वतःची टोपी पुढे केली, मी चिठ्ठी उचलली, आणि मी मेहेरबानीच्या बाजूने! सरकारी दवाखान्यातल्या रांगांवर वीस वर्षं विनोदी लेख पाडणारा मी!

ग्रंथपालांनी दम भरला. “बाजू चिठ्ठीने ठरली हे फुटता कामा नये. घरातसुद्धा नाही. नाहीतर लोक वाद ऐकत नाहीत, नाटक बघतात.”

समोर मुलांच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई. म्हणजे आपली बिनपाण्याची होणार. पण काय सांगू — अंगात वारं शिरलंय!

५ मार्च, गुरुवार

ताईला सरकारी दवाखान्याचं पत्र आलं! गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सोळा महिने यादीत होती. तारीख मिळाली — चोवीस! सांगायला दोन मजले चढून आली, पायरीगणिक एक शिवी हासडत. “बाळ्या, आता धावत येऊन धपाटा घालीन बघ!” मी बावन्न वर्षांचा. तिच्यालेखी बाळ्याच.

८ मार्च, रविवार

सुचत नाही. चार पानं फाडली.

९ मार्च, सोमवार

सुचलं!! डोक्याला साबण लावलेला असताना! हक्काला रांग नसते. श्वास घ्यायला कुणी टोकन घेतं का? आणि जिथे रांग आहे, तिथे आपल्या मागे कुणीतरी ताटकळतंय. मग नंबर लागलेल्याने मागे वळून बघायला नको?

तसाच ओलेत्याने येऊन लिहून काढलं. ताईच्या पत्रावरूनच सुचलं हे. तिला कशाला सांगा!

१२ मार्च, गुरुवार

ताईने विचारलंच, “कुठल्या बाजूने बोलणार रे?”

“ये आणि ऐक.”

“मनापासून बोलणार असशील तर येते. तुझा चावटपणा ऐकायला मी गुडघा नाही झिजवायची.”

“अगदी मनापासून!” म्हटलं. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते माझ्यासाठीच.

१४ मार्च, शनिवार

जिंकलो!!!

सभागृह खच्चून भरलेलं. डॉक्टरीणबाई आधी बोलल्या. मुद्देसूद, शांत, आकड्यांसकट. लोकांनी माना डोलावल्या आणि जांभया लपवल्या. मग मी! पाच मिनिटं नुसता हशा. मग आवाज एकदम खाली आणला — “यादीत नंबर लागला म्हणून खूश आहात ना? मागे कोण आहे, विचारलंत कधी? तुमचं चालून झालंय. मागे उभ्या तरण्या आईला अजून पोरामागे धावायचंय.”

टाचणी पडली तर ऐकू यावी! मीच घाबरलो क्षणभर.

हात मोजले — एक्काहत्तर विरुद्ध चव्वेचाळीस. डॉक्टरीणबाई हात मिळवताना हळूच म्हणाल्या, “यातलं एक तरी वाक्य तुम्हाला पटतं का हो?”

“छे! एकही नाही!”

दोघंही खो खो हसलो.

ताई तिसऱ्या ओळीत होती. हात वर — माझ्या बाजूने! आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी पटलं म्हणायचं. घरी येताना मात्र गप्प होती. पाय ठणकत असणार.

१६ मार्च, सोमवार

डोकं अजून हवेतच! न्हाव्याने गळ्यावर वस्तरा टेकवला आणि माझंच भाषण मला म्हणून दाखवलं. “बरोबर ना साहेब?” त्या स्थितीत कोण नाही म्हणेल? पेपरात चौकट आली आहे, फोटोसकट. फोटोत मी फारच कळकळीचा दिसतो. ताईला दाखवायला खाली गेलो, तर दाराला कुलूप. दुखऱ्या पायाने ही बया गेली कुठे?

१८ मार्च, बुधवार

चोवीसला ताईला किती वाजता आणू, म्हणून दवाखान्यात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, “त्या सोमवारी स्वतः येऊन नाव काढून गेल्या. तारीख दुसऱ्या बाईंना दिली. आता नव्याने नाव घातलं तर दीड वर्ष.”

खाली पळालो. ताई खुर्चीत, पाय स्टुलावर.

“मागे वळून बघितलं रे,” म्हणाली. “दवाखान्यात बाकावर बसली होती. पंचविशीतली पोर, मांडीवर तान्हं. तू बोलला नसतास तर मला दिसलीच नसती.”