चादरीवरची गोम

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरता. कंबरेने दगा दिल्यापासून आठांपैकी तीनच अंगं जमिनीला पोचतात, बाकीची पोचली असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? आम्ही इकडे ठीक, म्हणजे ही ठीक आहे, आणि ही ठीक असली की मला ठीक असावंच लागतं. 'हात थरथरतो, आता माझ्या हातून काही होत नाही, नुसती बसून असते' असं तू लिहिलंस, त्याला लगेच उत्तर द्यायला हवं होतं. पण इथे माझ्याही हातून काही होत नव्हतं, तेव्हा कोणी कोणाची समजूत घालायची?

तुला ठाऊकच आहे, मी सव्वीस वर्षं कारखान्यात चादरींवर फुलं काढतो. काढतो म्हणजे काय, तर नमुन्यांच्या जुन्या वहीतलं एक फूल घ्यायचं, त्याची एक पाकळी कमी करायची, डावीकडचं पान उजवीकडे न्यायचं आणि नवा नमुना म्हणून पुढे सरकवायचं. लोक चादरीवर डोळे मिटून पडतात, त्यामुळे तक्रार कधी आली नाही. पण गेल्या महिन्यात नवे साहेब आले. (वयाने माझ्या थोरल्या भाच्याएवढे, उत्साहाने त्याच्या दुप्पट.) त्यांनी वही कपाटात घातली, किल्ली खिशात टाकली आणि आम्हा सगळ्यांना सांगितलं, की प्रेरणा बाहेर नसते, ती आपल्या आत असते, तिथे शोधा. महिनाअखेरीस ज्याचा नमुना पसंत पडणार नाही त्याची बदली घड्यांच्या खात्यात. ह्या कंबरेने दिवसभर चादरींच्या घड्या!

मग लागलो आत शोधायला. पहिल्या दिवशी टेबलाशी डोळे मिटले, तर आत आमच्या न्हाणीघरातला गळका नळ दिसला. दुसऱ्या दिवशी आणखी खोल गेलो आणि घोरायला लागलो. रंगखात्यातल्या मुकादमांना वाटलं मला भोवळ आली, त्यांनी बादलीतलं पाणी तोंडावर मारलं. (पाणी निळं होतं. कानामागे अजून थोडं आहे.) घरी हिला विचारलं तर म्हणाली, "तुमच्या आत काय आहे ते मी सांगते, पित्त आहे." असे तीन आठवडे गेले आणि एका दुपारी खरोखरच आतून एक फूल वर आलं. निळं, पाच पाकळ्यांचं, देठ जरासा वाकलेला. मी हरखून ते कागदावर उतरवलं. घड्यांच्या खात्यातल्या आजोबांनी जाता जाता पाहिलं आणि म्हणाले, "हा तर आपलाच एक्केचाळीस नंबर!" म्हणजे एवढं आत उतरूनही कारखान्याचंच गोदाम निघालं. ताई, खरं सांगतो, मला रडू आलं. आपल्यात आपलं असं काहीच नाही, हे पन्नाशी उलटल्यावर कळणं फार वाईट.

पण एक्केचाळीस नंबर आपल्या घरी पलंगावर होता, आठवतं? मला गोवर आला होता, आई बाजारात गेली होती, आणि मला करमावं म्हणून तू त्या चादरीचा तंबू केलास. तो खुर्चीच्या खिळ्याला अडकून टर्रकन फाटला. आई यायच्या आत तू, नऊ वर्षांची पोर, हाताला लागेल त्या लाल दोऱ्याने तो शिवलास. निळ्या फुलांतून लाल गोम चालल्यासारखी दिसत होती. पुढे आठ दिवस मी पडल्या पडल्या त्या गोमेचे पाय मोजत होतो. हे सगळं आठवता आठवता मी लाल पेन्सिलीने कागदावर ती गोम कधी काढली ते मला कळलंच नाही. खोडायला रबर शोधतोय, तोच साहेब मागे उभे. कागद उचलून डोळ्यांजवळ नेत म्हणाले, "हे कुठून आलं?" मी मान खाली घालून म्हटलं, "आतून." नमुना पसंत पडला. नोकरी टेबलाशीच राहिली. मी मात्र फार थकलोय.

बाकी सगळं बरं. भावोजींना नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : साहेबांना आणखी पाच गोमा हव्यात, प्रत्येक वेगळी. मी वीसेक काढून पाहिल्या, सगळ्या सरळ येतात. सव्वीस वर्षांची सवय. शेवटी काल साहेबांना खरं काय ते सांगून टाकलं. ते म्हणाले, मग ताईंनाच विचारा, नमुन्याखाली नावही त्यांचंच घालू.

आणखी एक : सोबतच्या पुडक्यात जुन्या चादरीचे पाच तुकडे आहेत, मी स्वतः खिळ्याला अडकवून फाडलेले. लाल दोरा आत आहे. हात थरथरतो म्हणून अडू नकोस, थरथरलेलाच हवाय. फक्त नीटनेटकं शिवू नकोस. आई कोपऱ्यावर आली आहे असं समज आणि शीव.