फियाटच्या जाळीतला झेंडू

आई,

बाबांची फियाट का तापते, ते सापडलं. पाणी आहे, पंप ठीक आहे, पंखाही फिरतो. रेडिएटरची जाळी मात्र वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्यांनी गच्च भरली होती. बाबांच्या फोटोला हार घालवत नाही म्हणून तू रोज त्यांच्या गाडीला घालतेस. मग हवा आत जाणार कुठून?

जाळी साफ केलीय. शंकर नगरपर्यंत चक्कर मारून बघते. उदयकाका गिऱ्हाईक घेऊन येतील, "वैनी, गाडी दम तोडून राहिली, विकून टाका," म्हणतील. त्यांना चहा दे आणि सांग, गाडी फिरायला गेली.

आजचा हार फ्रिजमध्ये आहे. फोटोला मी घालणार होते, मलाही जमलं नाही. आल्यावर दोघी मिळून घालू.

शर्मिष्ठा