सॅमनची आगाऊ नोंद

शनिवार, २३ ऑगस्ट. सकाळी ६.१०
हंगामाचा निर्णायक टप्पा आजपासून सुरू होत आहे. आजचा धरून एकोणचाळीस दिवस शिल्लक.

परिस्थिती स्वच्छ मांडून ठेवतो. माझे सासरे जेरी यांनी अकरा वर्षांपूर्वी, गुडघे गेल्यावर, आपली मासेमारीची बांबूची काठी मला दिली. अट एकच : या काठीने धरलेला सॅमन मासा त्यांच्या ताटात पडला पाहिजे. यंदा जूनमध्ये त्यांनी मुदतही घातली. तीस सप्टेंबरला त्यांना एक्क्याण्णवावे लागते. त्या संध्याकाळपर्यंत मासा आला नाही, तर काठी त्यांच्या मुलाकडे, म्हणजे माझा मेहुणा डोनल याच्याकडे जाईल. हंगामही त्याच दिवशी संपतो.

डोनल पोस्टमन आहे. गळाला गांडूळ लावून ट्राउट मासे धरतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून पद्धतशीरपणे मासेमारी करतो. सबब काठी जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

त्याच दिवशी, सायंकाळी ६.००
मासा नाही. पाणी फार नितळ होते. येताना खाटकाकडून चॉप्स आणले.

बुधवार, २७ ऑगस्ट
वरच्या धरणातून रात्री पाणी सोडले. ली नदी सकाळी चहासारखी. पाणी फार गढूळ. त्याच डोहातून डोनलने दोन ट्राउट काढले; हा योगायोग.

सॅमन आणि ट्राउट यांतला फरक मी त्याला पुन्हा समजावून दिला. सासऱ्यांनीच शिकवलेली कसोटी आहे : शेपटीच्या मुळाशी मूठ आवळावी. सॅमन तसाच्या तसा उचलला जातो. ट्राउट साबणासारखा निसटतो. डोनल म्हणाला, "मूठ काय, कधीही आवळता येते रे गड्या. आधी शेपटी तर आण!" त्याला शास्त्राची आवड नाही.

रविवार, ३१ ऑगस्ट
विचारान्ती दोष सापडला. दोष माशांत नसून कागदपत्रांत आहे.

नियम असा : सॅमन सोडून न देता राखायचा असेल तर काठावरच त्याच्या कल्ल्यातून नंबराची निळी पट्टी ओवून बंद करायची आणि त्याच क्षणी नोंदवहीत शाईने नोंद करायची. ओले हात, झिमझिम पाऊस, पेनाचे टोपण. यात किमान चार मिनिटे जातात, आणि त्या चिंतेने माझे गळावरील लक्ष उडते, हे आता सिद्ध झाले आहे.

उपाय : आगाऊ नोंद. आज दुपारी जेवणाच्या टेबलावर, कोरड्या हाताने, वळणदार अक्षरात लिहिले : २ सप्टेंबर, ली नदी, सॅमन एक, राखला, वजन नऊ पौंड. अकरा लिहिणार होतो. अंदाज नेहमी सावध असावा.

पट्टीही गोल करून तयार ठेवली. ती एकदाच बंद होते आणि पुन्हा उघडत नाही, हे कट्ट असा आवाज आल्यावर लक्षात आले. हरकत नाही.

मंगळवार, २ सप्टेंबर
पूर्वेचा वारा. मासा नाही. नोंद मात्र सुबक आहे.

नोरीनने दारातच विचारले, "चॉप्स की सॉसेज?" बायकोने इतका विश्वास टाकू नये.

शनिवार, ६ सप्टेंबर
काठीला मेण लावले. गळाला लावायच्या पिसांच्या नकली माश्यांची डबी रंगानुसार लावली. प्रत्यक्ष नदीवर वेळ कमी मिळाला. चॉप्स.

मंगळवार, ९ सप्टेंबर. दुपारी १.३०
अप्रिय प्रसंग. शांतपणे लिहितो.

सकाळी डोहावर मत्स्यविभागाच्या अधिकारी ग्रॉन्याबाई आल्या. वय तिशीच्या आत, बूट माझ्यापेक्षा चांगले. नोंदवही मागितली. मी अभिमानाने दिली; इतके स्वच्छ अक्षर त्यांनी क्वचितच पाहिले असेल. त्यांनी पान वाचले, बंद झालेली पट्टी पाहिली आणि विचारले, "मासा कुठे आहे?"

मी म्हणालो, "यायचा आहे."

त्या म्हणाल्या, "साहेब, इथे तारीख मागच्या मंगळवारची आहे."

मी आगाऊ नोंदीचे तत्त्व सविस्तर समजावले. त्यांनी मध्येच टोकले नाही, याचा मला आनंद वाटला. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे मासा पट्टी काढून विकला, किंवा पट्टी न ओवताच खाल्ला. नेहमी यातलं एक असतं. तुमचं हे तिसरं मी पहिल्यांदाच ऐकतेय."

नोंदवही आणि उरलेल्या सर्व पट्ट्या जप्त. तो मासा मी धरलाच नव्हता, हे साक्षीदारांसह लेखी सिद्ध करायचे आहे. परवाना चालू राहील. पण पट्ट्या परत मिळेपर्यंत सॅमन लागला तर सोडून द्यायचा. ट्राउट राखायला हरकत नाही, असेही त्या म्हणाल्या. मला ट्राउटशी काय कर्तव्य?

शुक्रवार, १२ सप्टेंबर
साक्षी गोळा केल्या.

नोरीन : "माझ्या नवऱ्याने अकरा वर्षांत घरी एकही सॅमन आणलेला नाही. सर्दी दरवर्षी आणली." दुसरे वाक्य अनावश्यक होते.

खाटीक : "गिऱ्हाईक दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला चॉप्स नेते. हातात काठी, चेहरा पडलेला." चेहऱ्याविषयी त्याला कोणी विचारले नव्हते.

डोनल : दोन पाने, दोन्ही बाजूंनी. वर म्हणाला, "गड्या, इतक्या मनापासून मी शाळेतसुद्धा निबंध लिहिला नाही. अजून एखादं पान हवंय का?"

माझे स्वतःचे निवेदन एका ओळीचे : "मी आजतागायत एकही सॅमन धरलेला नाही." कायदेशीर भाषेला अतिशयोक्तीची सवय असते. तरी सही करताना पेन अडले. शाई जुनी असावी.

शनिवार, २० सप्टेंबर
उत्तर नाही. पत्रे डोनलच टाकतो, म्हणून त्याला रोज विचारतो. आज म्हणाला, "आलं की शिट्टी वाजवत आणीन."

सासऱ्यांना भेटलो. खिडकीत बसून ते म्हणाले, "काठी कशी आहे, फाक्ना?" मी म्हणालो, उत्तम. ते म्हणाले, "ती नेहमीच उत्तम होती."

सोमवार, २९ सप्टेंबर
उत्तर नाही. उद्या शेवटचा दिवस. मासा लागला, तर पट्टी नाही. पट्टी नाही, तर ताट नाही. तरीही जाणार. पद्धत सोडता येत नाही.

मंगळवार, ३० सप्टेंबर. सकाळी ८.५५
अक्षर वाकडे येत आहे. थंडी.

७.४० वाजता, विलोच्या झाडाखालच्या डोहात दोरी थांबली आणि चालू लागली. चौदा मिनिटे. मासा जाळीत आला. काट्यावर चार पौंड दोन औंस. सॅमन! लहान, पण सॅमन. शेपटीला धरून उचलताना तीनदा हातातून निसटला. हात ओले होते. अंगावर मोठे ठिपके, काही तांबडे. सकाळच्या कोवळ्या उन्हात तसे दिसते.

फोटो काढायला फोन नव्हता; तो घरी, तांदळाच्या डब्यात. भिजल्यावर तांदळात ठेवावा लागतो, म्हणून आधीच ठेवला होता.

काठावर कोणी नव्हते. रेनकोटखाली सहज मावला असता. मी त्याला दोन्ही हातांनी प्रवाहात धरले, दम परत येऊ दिला आणि सोडले. नियम म्हणजे नियम. नंतर बराच वेळ दगडावर बसलो. वाऱ्यामुळे डोळ्यांना पाणी आले.

त्याच दिवशी, सायंकाळी ७.३०
वाढदिवस. टेबलावर भाजलेले गोमांस, बटाटे, केक. मी उभा राहून सर्व हकीकत सांगितली. मग नोरीन म्हणाली, "तूच तर आमच्याकडून लिहून घेतलंस ना, तुला मासा मिळत नाही म्हणून?"

सासऱ्यांनी मात्र मला जवळ बोलावले. माझा तळहात नाकाशी नेऊन हुंगला. विचारले, "शेपटीला धरून उचललास?"

मी सांगितले, तीनदा निसटला.

"ठिपके?"

मोठे, काही तांबडे.

ते म्हणाले, "पोरा, ट्राउट होता तो."

डोनलच्या हातातला काटा ताटात पडला. "चार पौंडांचा ट्राउट? आपल्या लीमध्ये? आणि तू सोडलास?" तीस वर्षांत त्याचा सर्वांत मोठा पावणेतीन पौंडांचा. तो मला हसला नाही. तो हसला असता तर बरे झाले असते.

सासरे हात न सोडता म्हणाले, "आणायचा होतास रे. मला आता चष्मा लावूनही धड दिसत नाही. तू म्हणाला असतास सॅमन, मी म्हणालो असतो सॅमन."

काठी मी स्वतः डोनलच्या गाडीत ठेवली. पिशवीच्या गाठी नीट बांधल्या आहेत ना, ते दोनदा पाहिले.

बुधवार, १ ऑक्टोबर. सकाळी १०.२०
डोनल पत्र घेऊन आला. शिट्टी वाजवली नाही. मत्स्यविभाग लिहितो : सर्व साक्षी एकमुखी असून अर्जदाराने मासा धरलेला नाही, याबद्दल विभागाची पूर्ण खात्री पटली आहे; यापुढेही तशीच शक्यता दिसते. प्रकरण बंद. नोंदवही, पट्ट्या सोबत.

जाताना डोनल म्हणाला, "फेब्रुवारीत नदी उघडली की काठी घेऊन जा. मी गांडूळवाला माणूस, मला ती नाजूक वाटते. पण तो डोह मला दाखव हं गड्या."

दाखवणार नाही.

हंगाम संपल्याने नोंदवही नियमाप्रमाणे परत पाठवायची आहे. नऊ पौंडांची ओळ खोडून 'निरंक' लिहिले. शाईने. सही केली.

सुधारणा : पुढील हंगामापासून आगाऊ नोंद पेन्सिलीने करावी.