मधात खांब नसलेलं गुदाम

११ मार्च १९६१, दिग्रस
आजपासून घरात दोन चुली. भास्करची बायको कमल सकाळीच परातीत पीठ-मीठ घेऊन मागच्या खोलीत गेली. आमची ही नुसती पाहात राह्यली. भास्कर माझा सख्खा धाकटा भाऊ, अन् मागच्या दारानं ये-जा करून राह्यला!
कारण काय, त गुदाम. आपल्या कापसाच्या जिनिंगले लागून वाढवाचं, लोखंडी सांगाड्याचं. परमिटवर लोखंड कमी भेटलं. मी रहीम मिस्त्रीले म्हणलं, मधात खांबाची एक रांग टाका, छपराच्या कैच्या लहान होतीन, आहे त्या लोखंडात भागून जाईन. भास्कर हमालांसमोर म्हणते, "नकाशा मी काढला दादा. मले इचारलं काहून नाही?" मी म्हणलं, "तुले इचारून मोठा झालो का बे मी?" झालं. तेवढ्यावर चूल अलग.

१४ मार्च
त्याचं म्हणणं तसं गैर नाही. धंदा वाढला. बोरी अरबकडच्या कापसाच्या बैलबंड्या दारवा सोडून आपल्याकडं येतात. गेल्या हंगामात कापूस अंगणात पडून होता, वरून ताडपत्री. अवकाळी आला, खालचा सगळा काळा पडला. भास्करचं म्हणणं एकच, बंडी एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर, मधात खांब नको.
पण मोठा कोण? तो का मी?

२ एप्रिल
एकटा जेवलो. वांग्याची भाजी होती, भास्करची आवडती. हिनं सवयीनं जास्तच केलती. उरली.
बाप गेला तेव्हा हा शेंबडा होता. मी शाळा सोडली, ह्याले यवतमाळले शिकवलं. आमाले लेकरू नाही. ही आज म्हणे, "अवो, मंग कोनासाठी बांधून राह्यले एवढं?" मी तिच्यावरच ओरडलो. दुसरं काय येते मले.

१६ एप्रिल
मोठेपण गिळलं एकदाचं. रहीमभाईले सांगतलं, खांब टाकू नका, भास्करच्या नकाशापरमानंच करू. तो म्हणे, "मालिक, लोहा कहाँ है? दूसरे परमिट तक बारिश आ जाएगी." येऊ द्या म्हणलं.
मंग मागच्या खोलीत स्वतः सांगाले गेलो. भास्कर जेवून राह्यलता. "तुह्या मनासारखंच करून राह्यलो," म्हणलं. तो म्हणे, "बरं." बस, एवढंच. बसा बी म्हणलं नाही. वाटलंतं उठून येईन.

२० जून
पायाच्या खड्ड्यात पाणी. काळी माती, बाजूनं ढासळून राह्यली. लोखंडाचा पत्ता नाही. बाजारात एकजण म्हणे, "शेठ, तलाव खंदला का?" सगळे हसले. मी बी हसलो. घरी येऊन जेवलो नाही.
भास्कर जिनिंगवर येते, काम करते. माझ्याशी बोलाचं असन त मुनीमजीले सांगते. मुनीमजी मधात बसले, दोघायचं ऐकतात, दोघायले सांगतात. कटाळले बिचारे.

५ ऑगस्ट
लोखंड आलं. ट्रक गाळात फसला, ओढून काढला. आनंद व्हाले पायजे होता.

३ सप्टेंबर
पहिली कैची चढली. तांड्यावरून गेमा नाईक माणसं घेऊन आलता. दोर लागले, सगळे तयार, नाईक थांबला. "धाकले मालक कोठी हायत? ते आले म्हंजे ओढू." काय सांगावं त्याले? म्हणलं, कामात हाय, तुमी ओढा. नारळ फोडाची वेळ आली. बाच्या वेळेपासून घरचे सगळे नारळाले हात लावतात. मी एकट्यानं फोडला.
कैची वर गेली, रहीमभाई वरून बोल्ट कसून राह्यला, तेव्हा दिसला. रस्त्याच्या पल्याड लिंबाखाली उभा. मान वर करून, तोंड उघडं. लहानपणी पतंग पाहे तसा. मी पाहून राह्यलो हे दिसलं, त निंगून गेला. मेल्या, तुहाच नकाशा हाय नं तो! ये नं इकडं!

२९ सप्टेंबर
छपरावर टिना चढल्या. दुपारी माणसं जेवाले गेल्यावर एकटा आत गेलो. या भितीपासून त्या भितीपर्यंत काहीच नाही. खरंच लय मोठं दिसते. पोट्टं बरोबर होतं. डोळे भरून आले, कोनाले सांगाचं.
कमलजवळ निरोप देला, त्याले म्हणा येऊन पाहून त जाय. आला नाही.

८ ऑक्टोबर
आला. संग मामा. मले वाटलं मामानं समजूत घातली. मी हिले चहा टाकाले लावला. मामा म्हणे, "वाटनी करून टाका, गोडीगुलाबीनं. गुदाम लंबं हाय, मधात भित घाला, दोघायले बरोबर."
मी भास्करले म्हणलं, "एक खांब चालला नाही तुले. अन् भित चालते?"
तो खाली पाहून म्हणे, "खांब तुमचा होता दादा. भित दोघायची राहीन."
चहा तसाच थंडा झाला.

१५ ऑक्टोबर
जेवण जात नाही. ताप नाही, काही नाही, नुसतं पडून राहावं वाटते. दसऱ्याची तयारी करू का म्हणून ही इचारते, कायची तयारी?
मामाजवळ सांगून पाठवलं, सगळं घे, जिनिंग घे, गुदाम घे, मले काही नको. उलटा निरोप, "मी भीक मागतली नाही." आता काय करू? मले गुदाम नाही पायजे रे बावा, मले तू पायजे. हे तोंडावर बोलाले जमत नाही. कधीच जमलं नाही.

२१ ऑक्टोबर
शेवटी वाटनीले हो म्हणलं. सकाळी भितीच्या विटा येऊन पडल्या. गवंडी आला. आज नाही जाचं असं ठरवलंतं, तरी पाय तिकडंच गेले.
भास्कर आत एकटाच. टेपाचं एक टोक विटेखाली दाबून दुसरं ओढून राह्यलता. वीट सरके, टेप सुटे. मी दारातच उभा. त्यानं पाह्यलं. म्हणे, "दादा, जरा धरा."
इतक्या महिन्यात पहिल्यांदा स्वतःहून माझ्याशी बोलला.
धरलं. तो उलटा चालत पार त्या भितीले जाऊन लागला. मंग मधात येऊन खिळा ठोकला. उकिडवा बसला, खिळ्याकडं पाहात. म्हणे, "बरोबर हाय का? तुमी एकदा पाहा."
पाह्यलं. बरोबर होतं, बोटभर इकडं नाही का तिकडं नाही.
मी म्हणलं, "चुकलं वाटते. पुन्हा मोज."
त्यानं खिळा उपटला. मी टोक धरलं, तो पुन्हा चालत गेला. मंग म्हणलं, वरतून मोजू. मंग म्हणलं, दाराकडून. तो मोजत गेला. एकदाबी काहून म्हणलं नाही. गवंडी बाहेर बिड्या फुकून फुकून निंगून गेला, सकाळी येतो म्हणे.
आज वीट लागली नाही.