डाव्या हातातली सुरी

हार्लेम, ४ नोव्हेंबर १६६२

भिंतीतल्या पलंगाची गादी आज बाहेर काढली. माझ्या नवऱ्याला, वीब्रांटला, पुरून दोन रविवार झाले, आता पेंढा बदलायला हवा होता. गादीखाली त्याचं एक चित्र सापडलं. शाईच्या रेघा, वरून काजळीच्या पाण्याच्या छटा. एक बाई खिडकीशी बसून सफरचंदं सोलते आहे. मान खाली, चेहरा नीट दिसत नाही. कपाळावर उजेड आहे – म्हणजे तिथे त्याने कुंचला टेकवलाच नाही, कोरा कागद सोडला आहे.

सुरी तिच्या डाव्या हातात आहे.

ही कोण?

५ नोव्हेंबर

पुन्हा पाहिलं. मी टेबलाशी बसले की दार माझ्या उजव्या हाताला येतं. तिच्या ते डाव्या हाताला आहे. म्हणजे घर आमचं नाही. पण टेबलावरचा चंबू आमचा! तोच, चोच तुटलेला. आमचा चंबू तिच्या घरी कसा?

त्याने भाजीवाल्या काढल्या, मोलकरणी काढल्या, शिंकणारी म्हातारीसुद्धा काढली. मला कधीच नाही. लग्नानंतर एकदा बसवलं होतं, तेव्हा मी एप्रन तोंडावर घेतला. पुन्हा त्याने विचारलं नाही.

८ नोव्हेंबर

काही सुचत नाही. विणताना टाके सुटले.

शेवटच्या आठवड्यांत तो माझ्याकडे बघतच नसे. मी इकडे खिडकीशी, तो पलंगात उशांना टेकून, गुडघ्यावर फळी, आणि तोंड पलीकडच्या भिंतीकडे. एकदा विचारलं, काय काढतोस? म्हणाला, "जे दिसतं ते." मी जवळ गेले की फळी पालथी घालायचा. मला वाटलं, आजारी माणूस, चिडचिडा झालाय.

११ नोव्हेंबर

लांबर्टच्या घरी जाऊन त्याला चित्र दाखवलं. तो आणि वीब्रांट एकाच गुरूकडे शिकले. मी विचारलं, हा उलटा ठसा असेल का – ओला कागद वर दाबून घेतात तसा? तसं असलं तर डावा हात उजवा होईल. दार जागेवर येईल. सगळंच जागेवर येईल.

त्याने कागद खिडकीशी धरला, बराच वेळ तिरका करून पाहिला. "नाही, वहिनी. ठसा असता तर सावलीच्या रेघाही उलट्या झुकल्या असत्या. या उजव्या हाताने थेट ओढलेल्या आहेत." मग म्हणाला, "मनाने काढणारा तो नव्हता. समोर असेल तेच काढायचा."

म्हणजे ती समोर होती.

१२ नोव्हेंबर

शेजारच्या नेलने चित्र पाहिलं. तिच्यापासून काय लपतंय! वीब्रांट गेला त्या दिवशी दुखवट्याच्या रिवाजाप्रमाणे आरसा भिंतीकडे फिरवला तो तिनेच, खिडक्यांची दारं ओढली ती तिनेच. म्हणाली, डावखुरी म्हणजे मासळीबाजारातली माख्टेल, दुसरी कोण.

मी चित्र तिच्या हातून काढून घेतलं.

१५ नोव्हेंबर

माख्टेलकडे गेले. कशी गेले कोण जाणे. मासे विकत घेतले आणि तिथेच उभी राहिले. शेवटी चित्र काढून दाखवलं.

ती इतकी हसली की शेजारची बाई वळून बघायला लागली. "ही मी? बाई गं, माझ्या एका दंडात हिच्यासारख्या दोघी मावतील. आणि खिडकीशी बसून सफरचंदं सोलायला मला सवड असती, तर तुझा नवरा कशाला, राजपुत्राला बोलावलं असतं चित्र काढायला!"

तिच्या खोलीला खिडकीच नाही. तिनेच आत नेऊन दाखवली. निघताना दोन मासे जास्तीचे घातले.

आता तर काहीच कळत नाही. माख्टेल नाही. मग कोण? रागवायचं तरी कोणावर?

२३ नोव्हेंबर

लोक समाचाराला येतात. मी मान हलवते. त्यांना वाटतं, मी त्याच्यासाठी रडते. मला रडताही येत नाही. आधी कळायला हवं.

३ डिसेंबर

ठरवलं. दुखवटा संपला की चित्र चुलीत घालायचं. त्या चुलीच्याच काजळीतून ते आलं. लांबर्टला सांगितलेलं नाही.

४ डिसेंबर

अंगात कणकण. नेलने लापशी आणून दिली.

६ डिसेंबर

दुखवटा संपला. नेलने सकाळी येऊन खिडक्या उघडल्या, आरसा सरळ केला. मला अजून ताप. वीब्रांटच्या जागी उशांना टेकून पडले होते. ती माझ्यासाठी सफरचंद सोलायला खिडकीशी बसली. बोलत होती, मी पलीकडच्या भिंतीकडे पाहत होते. आरशात खिडकी होती, टेबल होतं, चंबू होता. आणि नेल – डाव्या हाताने सोलत होती.

विचारलं, "नेल, सुरी कुठल्या हातात आहे?"

"उजव्या. का गं? ताप चढला का?"

मी तिच्याकडे वळले नाही. तो ज्या बाजूला तोंड करून पडायचा, त्याच बाजूला बघत राहिले.