गारांवर फेकलेला चाकू

आईले मिनलचा वाकून नमस्कार.

मी नागपुरात बरी आहो. काल दुपारी काळाकुट्ट ढग उभा चढला अन् त्याचं डोकं ऐरणीसारखं सपाट पसरलं. आतला वारा थेंबाले वर फेकते, गोठवते, खाली आला की पुन्हा फेकते. म्हणून गार फोडली तर कांद्यासारखे पापुद्रे निघाले. त्याच गारांनी गल्लीतले पत्रे फोडले, कबुतरं ठेचून मारली.

बाबाचा खोकला कसा आहे?

गारा थांबाव्या म्हणून तू अंगणात विळा फेकते, तशी मीही संतापून बाहेर धावली अन् भाजीचा चाकू फेकला. ढगाले काय फरक पडते! गार लागून कपाळाले टाके पडले, पण आता दुखत नाही.

तुह्या कपाळावरचा वण पायरीवरून पडल्याचा म्हणते तू. खरं सांग वं आई, तोही गारेचाच ना?

तुही मिनल